तान्ह्या पोळ्यासाठी स्टेन्सिलने कार्डं बनवून राहिली, शाई पसरते, सल्ला हवा

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी येतात, बोजारा म्हणून आपण पैसे नाहीतर खाऊ देतो, तर यंदा मनात आलं की सोबत प्रत्येकाला हातानं बनवलेलं कार्ड द्यावं, वर बैल आणि आत त्या पोराचं नाव. चाळीसेक लागतील. घरी जुनी एक्स-रे फिल्म होती तिच्यात कटरनं बैल कापला, जांभळ्या स्टॅम्प पॅडची शाई स्पंजनं लावली, पण शाई कडेखालून आत शिरते आणि चारही पायांचा मिळून एक डाग होतो. डोळा ठेवायला गेली तर तो तुकडाच निघून येतो. कागद साधा झेरॉक्सचा आहे. काय बदलू? इथं नागपुरात बर्डीवर नाहीतर इतवारीत मिळेल असंच सांगा.

महालवाली:
ताई, कल्पना फार गोड आहे, पोरं जपून ठेवतील बघा. शाईच्या आधी कागद बदला. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा जास्त तेवढा कागद जाड), ओल लागली की फुगतो, फुगला की स्टेन्सिल त्याला नीट टेकत नाही आणि तिथूनच शाई आत जाते. २५० जीएसएमची कार्डशीट घ्या, चकचकीत नको, त्यावर शाई लवकर वाळत नाही. ए४ शीट मधून कापून घडी घातली की दोन कार्डं होतात, म्हणजे वीस शीट, चार-पाच जास्तीच्या घ्या कारण सुरवातीची बिघडतातच. घडीच्या जागी पट्टी ठेवून रिफिल संपलेल्या पेनानं आधी रेघ दाबून घ्या, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. हँडमेड पेपर दिसतो छान पण बराचसा शाई पिऊन घेतो, बारीक नक्षीला नकोच.

सदरचा दादा:
माझे बाबा पाट्या रंगवायचे, ट्रकवर नंबर टाकायचे ते पत्र्याच्या स्टेन्सिलनंच, त्यामुळे हे घरात पाहतच मोठा झालो. त्यांचं एकच सांगणं असायचं, ब्रश जवळजवळ कोरडा पाहिजे. स्पंजवर रंग घेतला की आधी जुन्या वर्तमानपत्रावर टिपा, ठसा अगदी फिका उमटायला लागला की मगच कार्डावर या. स्पंज उभा धरून टिपायचा, कडेकडे घासायचा नाही, घासला की रंग खाली ढकलला जातो. एकदम गडद करू नका, फिके तीन-चार हात द्या. स्टॅम्प पॅडची शाई लई पातळ असते, तिच्याऐवजी पोस्टर कलर पाणी न घालता वापरा, नाहीतर पिगमेंट इंकचं पॅड मिळालं तर तेही चालते, ती शाई कागदात मुरत नाही, वर बसते, म्हणून कड साफ येते पण वाळायला वेळ घेते.

डोळ्याचं म्हणाल तर पूल ठेवा. ट्रकवरच्या स्टेन्सिलच्या नंबरात शून्य, सहा, आठ मधे तुटलेले दिसतात ना, ते ह्याच्यासाठीच. डोळ्याचा तुकडा दोन बारीक पट्ट्यांनी बाहेरच्या फिल्मला जोडलेला ठेवा, दोन-अडीच मिलिमीटरच्या, त्याहून बारीक तुटतात. पट्टीची फट नंतर ब्रशनं भरता येते, मला तर ती तशीच आवडते, झुलीच्या रेघेसारखी दिसते.

महालवाली:
अक्षरांचंही तेच. "पोळा" लिहायचं असेल तर शिरोरेषेमुळे प चं पोट बंद होते, तो तुकडा पडतो, म्हणून शिरोरेषा मधे थोडी तोडा. नावं मात्र हातानंच लिहा, चाळीस स्टेन्सिलं कोण कापणार! आणि हो, फिल्म उलटी केली की दुसऱ्या तोंडाचा बैल मिळतो, समोरासमोर जोडी होईल. उलटायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण कोरडी करा, नाहीतर आधीचा रंग कार्डावर उमटेल.

धागाकर्ती:
दादा, महालवाल्या ताई, खूप खूप आभार! काल पोस्टर कलर टिपून टिपून लावला, पाय चारही सुटे आले, शिंगंसुद्धा! पुलाची फट मी पण ठेवून राहिली, झूलच वाटते. फक्त रात्रभर ठेवूनही सकाळी दोन कार्डं चिकटली.

सदरचा दादा:
एकावर एक ठेवली असतील. पावसाळी हवा आहे त्यात कूलर चालू असेल तर खोलीत ओल आणखी वाढते, कागदही वाकतो. कूलर बंद करून नुसता पंखा लावा आणि दोरीवर चिमट्यानं लटकवा.

धागाकर्ती:
कूलरसमोरच ठेवली होती! दोरी बांधते आत्ताच.