प्रति: फुकटचा अँटिव्हायरस की विकतचा?

फुकटच्या अँटिव्हायरसबद्दल ‘फुकटचं ते अर्धवटच’ हे या चर्चेत वर कुणी मांडलेलं मत मला पटत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा फुकटचा अँटिव्हायरस आधीपासून असतोच, घरच्या वापराला तो पुरतो. फक्त रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसपासून) फोल्डर वाचवणारी त्याची सोय मुळात बंद असते. ‘विंडोज सिक्युरिटी’ या ॲपमध्ये जाऊन ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू करून घ्या. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर बाजूला होतो आणि ही सोयही जाते, हे कुणीच सांगितलेलं नाही.

आमच्या बेळगावात खरा धोका पेनड्राइव्हचा. शेताच्या उताऱ्याची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात दिलेला पेनड्राइव्ह घरी लावला, तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, मूळ फोल्डर लपवलेले. शॉर्टकट न उघडता ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन केलं आणि डिफेंडरनेच व्हायरस पकडला. आता पेनड्राइव्ह देतच नाही, फाइल व्हॉट्सॲपवर पाठवतो.