अनुभव धागा : ‘मला जमेल ना?’ तेव्हा तुमचा स्वभाव काय करतो?

गंगापूर रोड, शिक्षिका
वीस वर्षं दहावीला गणित शिकवतेय, तरी दर जूनमध्ये पहिल्या तासाच्या आदल्या रात्री मी कूस बदलत पडते. यांच्या ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं, तर हे घरी येऊन भांडी आदळायला लागले. शंका तीच, ‘आपल्याला हे येतं का?’ १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी अशा बायकांबद्दल लिहिलं, ज्यांना पदव्या, पदं मिळूनही ‘एक दिवस आपलं बिंग फुटणार’ असं वाटत राहायचं. चिंतातुर स्वभावाला हे जास्त छळतं, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. (अंतर्मुख-बहिर्मुख या वाटणीवर माझा फारसा विश्वास नाही. हे चांगले बडबडे आहेत, तरी शंका आहेच.) घडलेलं सांगा, सल्ले नकोत.

सातपूर, सीएनसी सेटर (संगणकावर चालणारं मशिन कामासाठी लावून देणारा)
मशिनवर नवीन जॉब, म्हणजे नवीन भाग घडवायला लागला की पहिला पीस निघेपर्यंत पोटात गोळा. ऑफसेट (मशिनला दिलेली टूलची मापं) पुन्हा बघतो, मायक्रोमीटर तीनदा लावतो. शेजारच्या मशिनवरचा पोरगा शीळ घालत मशिन चालू करायचं बटण दाबतो. एकदा त्याचं टूल जॉबवर आदळलं. दहा मिनिटांत तो चहा पीत हसत होता. झोप उडाली माझी!

निफाड तालुका, द्राक्षबाग
मला भीती वाटतच नाही, राग येतो. वडिलांनंतर बाग पहिल्यांदा माझ्या हाती आली. ऑक्टोबर छाटणी झाली, काडीवरचे डोळे फुटले, आणि पाहतो तर निम्मे घड जिरून बाळी झालेली, म्हणजे घडाच्या जागी नुसता वेलाचा तंतू. घड दिसतात ऑक्टोबर छाटणीनंतर, पण काडीत धरतात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. म्हणजे माझं काही चुकलं असेल तर ते बहुधा उन्हाळ्यातच. हे माहीत असून ओरडलो कुणावर, तर त्या दिवशी फवारणीला आलेल्या माणसावर. रात्री बायकोने नुसतं विचारलं, “शेजारच्यांचे कसे आहेत हो घड?” मी ताट सरकवून उठलो. शेजारच्या बागेत मी दुपारीच चोरून घड मोजून आलो होतो.

पंचवटी
मला काहीच होत नाही. नाही आलं तर विचारते. नणंद म्हणते, हिची कातडीच जाड.

गंगापूर रोड, शिक्षिका
निफाडकर, तुमचं यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “सरकवलंच ना ताट? आदळलं तर नाही!”