घरामागच्या मातीत तिबोटी खंड्या बीळ खणतोय, भिंतीचं काम थांबवू का?

माणगावकर:
घरामागे जेसीबीने माती काढली होती तिथे उभी कड तयार झालीय, पाऊस लागल्यापासून तिथे चिमणीहून लहान एक जोडी सारखी चोचीने माती उकरतेय. पोट पिवळंधमक, डोकं नारिंगी त्यावर जांभळट झाक, पंख काळेनिळे आणि चोच लालभडक. फोटो बघून शेजारचा म्हणाला तिबोटी खंड्या. पुढच्या आठवड्यात गवंडी येणारे, किती दिवस थांबावं लागेल?

पाणथळ:
तोच आहे, आपल्या रायगडचा जिल्हापक्षी! जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कोकणात यांची वीण सुरू होते. बीळ आडवं असतं, मीटरभर लांब जाऊ शकतं. अंडी ४-५, नर-मादी आळीपाळीने उबवतात, साधारण १७ दिवसांनी पिल्लं आणि पुढे २० दिवसांनी ती बाहेर. खणणं आणि अंडी घालणं धरून दीड-दोन महिने तरी हात लावू नका. पहिली वीण फुकट गेली तर परत घालतात, त्यामुळे तारीख ठरवून गवंड्याला बोलावू नका, बीळ रिकामं झाल्याची खात्री करा मगच.

आडवाटेचा:
सगळं खरं पण कड घरावर यायच्या बेतात असेल तर आधी माणसं सांभाळा राव. तसं नसेल तर बिळाची बाजू सोडून दुसऱ्या टोकाला काम करता येतंय का बघा.

माणगावकर:
कड घरापासून लांब आहे, टेन्शन नाही. पण हा मासे खातो ना? इथे तर नुसता पावसाळी ओहोळ आहे.

पाणथळ:
नुसत्या माशांवर नाही जगत हा, जंगलातला खंड्या आहे. पिल्लांना पाली, सापसुरळ्या, बेडूक, छोटे खेकडे, गोगलगाई, रातकिडे, चतुर असलं सगळं आणतात. पाल आणली की आधी फांदीवर आपटून आपटून ढिली करतो आणि मगच आत नेतो, लांबून दुर्बिणीने बघा, भारी दिसतं.

रानवेडी:
एक विनंती, लोकेशन ग्रुपवर टाकू नका. एकाला कळलं की दहा कॅमेरे बिळासमोर येऊन बसतात, मग आईबाप तोंडात घास घेऊन फांदीवरच ताटकळत राहतात आणि पिल्लं आत उपाशी. आणि घरात मांजर असेल तर तिचं काय करणार ते आत्ताच ठरवा.

माणगावकर:
मांजर नाही, पण शेजारच्याच्या दोन आहेत 😅 बोलतो त्याच्याशी. गवंड्याला गणपतीनंतर ये म्हणून सांगितलंय.