ॲलिसला वेड लागलं की खूळ?

रंकाळाकाठ
‘ॲलिस: मॅडनेस रिटर्न्स’ हा २०११ सालचा गेम मी खेळतेय. मित्र त्याची चित्रफीत करतोय आणि तिची मराठी उपशीर्षकं माझ्याकडे आहेत. लुईस कॅरलची १८६५ ची ॲलिस इथं मोठी झालीय. घराला लागलेल्या आगीत आईवडील आणि बहीण गेली, ती एकटी वाचली, पुढची कैक वर्षं वेड्यांच्या इस्पितळात गेली. आता लंडनमधल्या अनाथाश्रमात राहते. तिथला डॉक्टर म्हणतो, सगळं विसर. पण डोक्यातली ती नवलाची दुनिया सडत चाललीय आणि ती आठवणी गोळा करत एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारत निघालीय.

गेमच्या नावासाठी मी लिहिलं, ‘ॲलिसला पुन्हा वेड लागलं’. शेजारी बसून बघणारी आई म्हणाली, “वेड कसलं? खूळ म्हण की. वेड चांगल्या गोष्टीचंबी असतंय.” मित्र पुण्याचा. त्याच्या मते खुळी म्हणजे बावळट, एवढं भोगलेल्या मुलीला हा शब्द शोभत नाही. मला आईचं पटतंय. ‘खूळ’ हे वजन पेलेल का?

तालीमवाला
पेलेल की. आमच्या गल्लीत ‘त्या बाईला खूळ लागलंय’ असं म्हटलं की पुढं रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळाचीच गोष्ट निघायची. हसायचं कुणी न्हाई. आणि तीच आज्जी मला रोज ‘खुळ्या, जेव की’ म्हणायची. पुणेकरांनी दुसरं तेवढं ऐकलंय. नाव असल्यावर बावळट, ‘लागलं’ असल्यावर आजार.

कोशवाचक
दोन्ही बोलीतले शब्द आहेत. ‘उन्माद’ का नको? चरकसंहितेत उन्मादाचं स्वतंत्र निदान दिलंय, अपस्मारापासून, म्हणजे फेफऱ्यापासून, वेगळं करून. इतका नेमका शब्द घरात असताना शेजारी कशाला जायचं?

पेठेतली
कारण वर्तमानपत्रांनी उन्माद हा शब्द जमावाला देऊन टाकलाय. ‘उन्माद परतला’ वाचून मला दंगल आठवेल, एकटी मुलगी नाही.
रंकाळाकाठ, तुमच्या आईंचं म्हणणं मी पुढं नेते. वेड आणि खूळ यात फरक आजाराच्या तीव्रतेचा नाही, बोलणाऱ्याच्या पसंतीचा आहे. पोराला कुस्तीचं वेड आहे म्हटलं की बाप खुराकाची सोय करतो. कुस्तीचं खूळ घेतलंय म्हटलं की बापानं शाळेची फी भरलीय आणि पोरगं वर्गात नाही. ॲलिसच्या भोवतीची माणसं तिच्याकडे कशी बघतात? वैतागून. म्हणजे त्यांच्या तोंडी ‘खूळ’, आणि तिच्या स्वतःच्या तोंडी ‘वेड’. एकच शब्द सगळीकडे लावायचा हट्ट सोडा.

माहेर_पन्हाळा
माझ्या वडिलांची व्युत्पत्ती सांगते: डोक्यात खुळखुळ्यासारखं काहीतरी वाजत राहतं, म्हणून खूळ.

कोशवाचक
खुळखुळा हा नादानुकारी शब्द. छमछम, खणखण तसा. त्याचा खुळाशी संबंध जोडायला आवाजाच्या साम्यापलीकडे पुरावा लागतो.

माहेर_पन्हाळा
ऐकायला मिळाला नाही म्हणजे नातं नाही असं होत नाही. ते शिक्षक होते, उगाच बोलायचे नाहीत.

रंकाळाकाठ
पेठेतली, तोंडानुसार शब्द बदलायचं मनापासून आवडलं. आता दुसरी अडचण. जीव संपत आला की गेममध्ये ‘हिस्टेरिया’ चालू करता येतो. सगळं पांढरंकाळं होतं, रक्त तेवढं लाल दिसतं, आणि तेवढा वेळ तिला काहीच लागत नाही. मी ‘वारं’ लिहिलंय. अंगात वारं भरलं की बाईला चटका कळत नाही, हे जोतिबाच्या यात्रेत पाहिलेलं आहे.

कोशवाचक
याला माझा विरोध आहे. वारं देवाचं असतं. त्याला आजाराचं नाव चिकटवलं तर श्रद्धा आणि रोग दोन्हींवर अन्याय होतो.

तालीमवाला
गावात दोन्हीला एकच शब्द आहे त्याला काय करायचं? बाईला वारं आलं म्हणतात, मग देवाचं की दुसऱ्या कशाचं ते विचारतात.

बिंदूचौक
मूळ प्रश्न जरा बाजूला ठेवून विचारतो, ॲलिसच्या गोष्टीतल्या हॅटरला, म्हणजे त्या टोप्या बनवणाऱ्या वेड्याला, काय लिहिताय? कॅरलच्या पुस्तकात तो नुसता ‘हॅटर’ आहे, ‘मॅड हॅटर’ हे जोडनाव तिथं नाही. टोप्यांचा नमदा, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, तयार करताना पारा वापरत, त्यानं कारागिरांचे हात कापायचे, डोकं बिघडायचं. वेडाचं कारण धंद्यातच होतं. ‘टोपीवाला’ म्हटलं तर टोप्या विकणारा वाटतो.
मी ‘टोपीकर’ सुचवतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात, फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) यांना टोपीकर म्हटलंय. आपल्याच मुलखातला शब्द आहे.

पेठेतली
पण तिथं टोपीकर म्हणजे टोपी घालणारा, बनवणारा नव्हे. शिवाय ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे हे मध्ये येणारच.

बिंदूचौक
येऊ दे. गेममध्ये हॅटरचाच कारखाना बळकावून त्याचेच हातपाय तोडलेत. त्यालाच टोपी घातलीय.

कोशवाचक
भा. रा. भागवतांनी ॲलिसचं थेट ‘जाई’ केलं होतं. मुळातून मराठी करायचं तर असं करावं. अर्धं इंग्रजी, अर्धं आज्ञापत्र, हे काही शुद्ध नाही.

तालीमवाला
शुद्ध म्हणजे काय हो? आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कवी माधव जूलियन होते. १९२५ ला फार्शी-मराठी कोश त्यांनीच केला, आणि पुढं भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला. एवढा मोठा माणूस दोन्हीकडं उभा राहिला. आपण एका गेमसाठी कशाला भांडायचं?

रंकाळाकाठ
जाई नको. हे लंडन आहे, धुराचं आणि अनाथ पोरांचं. तिथून तिला उचलून इथं आणलं तर आगीची गोष्ट खोटी होते. टोपीकर मात्र मोह घालतोय. मग मार्च हेअरला, हॅटरच्या जोडीच्या त्या वेड्या सशाला, काय?

पेठेतली
‘शिमग्यातला ससा’! मार्चमध्ये ससे माजावर येतात म्हणून इंग्रजीत ते वेडे ठरले, आणि आपल्याकडे त्याच दिवसांत माणसांना बोंब मारायची मुभा असते. फाल्गुन आणि मार्च एकाच जागी येतात.

कोशवाचक
दर वर्षी येत नाहीत. अधिक मास आला की शिमगा मार्चच्या अखेरीला जातो.

माहेर_पन्हाळा
अखेरीला गेला तरी मार्चच ना?