विषय: परीक्षेच्या अर्जावरचं नाव (तातडीचं!!)

वृषाली, मंगळवार रात्री ११.४२

मंडळी, नमस्कार.
इथली, अमेरिकेतली सीएनएसची (क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट) परीक्षा १९ तारखेला, म्हणून पाल्हाळ न लावता लिहिते. अर्जावर नाव माहेरचं गेलंय. कारण इथलं आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) लायसन्स माहेरच्या नावाने आहे. आणि ते तसं आहे कारण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा दाखला आणि नाशिक विद्यापीठाच्या मार्कशीट त्याच नावाने होत्या. ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. त्यातही पासपोर्टवर आडनाव सोडून उरलेल्या रकान्यात ‘वृषाली मंदार’ असं एकत्र कोंबलंय, त्यामुळे इथल्या निम्म्या कागदांवर मीच मंदार आहे. मास्टर्सच्या ट्रान्सक्रिप्टवर तिसराच प्रकार.
केंद्रावर आत सोडतील का? परीक्षा द्यायला ९० दिवस मिळतात, त्यातले ७१ संपलेत, त्यामुळे तारीख फार पुढे ढकलता येणार नाही.

अरविंदकाका, बुधवार पहाटे ५.१०

चि. वृषाली,
घाबरू नकोस. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घे. माझ्या धाकट्या सुनेचं असंच केलं. पूर्वी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेटे घालावे लागत, आता अर्ज ऑनलाइन होतो. एकदा राजपत्र हातात आलं की जगात कोणी अडवत नाही.

दीपक, बुधवार सकाळी ८.०२

काका, १९ ला परीक्षा आहे, या १९ ला! आणि इथल्या केंद्रावरच्या माणसाला राजपत्र दाखवलं तर तो वर्तमानपत्र समजून बाजूला ठेवेल.
वृषाली, जाता जाता, सीएनएस म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरच ना?

हेमाताई, बुधवार सकाळी ९.३५

नावाचं मला विचारा. माहेरची कुमुद. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने ‘हेमा’ लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. त्या अंगठीच्या रेघेपायी इथे आल्यावर मी दोन वर्षं कागद जुळवत होते. १९७९ मध्ये स्टेट बोर्डाला (नर्सच्या लायसन्सच्या परीक्षेला) बसले तेव्हा दारातल्या बाईला वाटलं मी दुसऱ्या कुणाच्या तरी जागी परीक्षा द्यायला आलेय. मेडिकल, सर्जिकल, बाळंतपण, मुलं, मानसिक असे पाच पेपर, दोन दिवस, सगळं पेन्सिलीने. तुमच्यासारखं कॉम्प्युटरवर टिकटिक नव्हतं. तांदळाचं त्या बाईला इंग्रजीत कसं समजावून सांगणार? शेवटी लग्नाचा फोटो दाखवला. तो कुणी मागितला नव्हता, पण चालला.
वृषाली, नावाचं होईल गं. अभ्यास झालाय का?

सचिव, बुधवार सकाळी १०.१५

सर्वांना नम्र आठवण: ही ईमेल यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. वैयक्तिक प्रश्न परस्पर विचारावेत. गणेशोत्सवाच्या स्वयंसेवकांमध्ये अजून फक्त चार नावं आली आहेत.

हेमाताई, बुधवार सकाळी १०.२१

मागच्या महिन्यात तुमच्या जुन्या सोफ्याच्या विक्रीवर तेवीस मेल झाल्या तेव्हा ही आठवण कुठे होती? स्वयंसेवकांत माझं नाव घाला. मोदक सोडून काहीही.

नीलिमा, बुधवार दुपारी १.४८

ड्यूटीवर होते, आत्ता वाचलं. वृषाली, राजपत्र नको, प्रतिज्ञापत्र नको, लग्नाचा फोटो तर मुळीच नको (हेमाताई, रागावू नका). अर्जावरचं नाव तू केंद्रावर दाखवणार त्या फोटोच्या ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. म्हणजे बदलायचा तो अर्ज. ओळखपत्र बदलायला मोटर व्हेइकलच्या रांगेत जाऊन उभी राहू नकोस. आजच परीक्षा घेणाऱ्या संस्थेला फोन कर, ‘अर्जावरचं नाव दुरुस्त करायचंय’ एवढंच सांग, आणि लायसन्स वेगळ्या नावाने का आहे ते दाखवायला लग्नाचा दाखला तयार ठेव. तो फक्त मराठीत असेल तर भाषांतर करून घे. आमच्या बॅचमधली एक जण ‘बघू, तिथे गेल्यावर सांगू’ म्हणून गेली. दारातूनच परत आली, फीसुद्धा गेली.
आणि फोन योग्य एएसीएनला कर. तुझी परीक्षा घेणारी क्रिटिकल केअरवाली वेगळी, नर्सिंग कॉलेजांची वेगळी, आद्याक्षरं तीच. मी स्वतः एकदा वीस मिनिटं दुसरीकडे भांडले आहे.

दीपकराव, नाही. २००८ च्या एपीआरएन (प्रगत नर्सिंगच्या) आराखड्यात चार भूमिका आहेत: नर्स प्रॅक्टिशनर, भूल देणाऱ्या नर्स, मिडवाइफ आणि सीएनएस. प्रॅक्टिशनर मुख्यतः पेशंटवर उपचार करते. सीएनएस पेशंट बघते, नर्सेसना शिकवते आणि अख्ख्या वॉर्डाची घडीही बसवते. परीक्षेत आयसीयूवाल्या इथेच आपटतात. समजा प्रश्न आला: वॉर्डात पेशंट पडण्याचं प्रमाण वाढलंय, आधी काय कराल? आपला हात लगेच बेडचा अलार्म लावायला जातो. पण तिथे तुम्ही त्या पाळीच्या नर्स नसता. आधी आकडे बघायचे: कोण पडतंय, किती वाजता, कुठल्या औषधावर. मला हे कळायला दोन सराव परीक्षा नापास व्हावं लागलं. पेशंट, नर्स की व्यवस्था, प्रश्न या तिघांपैकी कोणाबद्दल आहे हे आधी ठरव, मग पर्यायांकडे जा.
एकूण १७५ प्रश्न, साडेतीन तास. त्यातले २५ मोजत नाहीत, पण कुठले ते कळत नाही, म्हणून एखादा अगदीच विचित्र वाटला तर अडकून बसू नकोस.

वृषाली, बुधवार दुपारी २.१०

नीलिमाताई, फोन लावलाय, होल्डवर आहे. तोवर विचारते, ते पेशंटच्या गरजा आणि नर्सची कौशल्यं जुळवणारं सिनर्जी मॉडेल पाठ करायचं का? पेशंटची आठ वैशिष्ट्यं, नर्सची आठ कौशल्यं. मला नेहमी सातच आठवतात.

नीलिमा, बुधवार दुपारी २.१९

यादी पाठ असून भागत नाही, प्रश्न गोष्टीत गुंडाळून येतात. तुला बहुतेक ‘प्रेडिक्टेबिलिटी’ (आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज) आठवत नसेल, मला तीच आठवायची नाही. त्यापेक्षा धडधाकट माणसांकडे बघ. परीक्षा निरोगी माणसापासून अत्यवस्थ पेशंटपर्यंत सगळ्यावर असते आणि आपण आयसीयूत निरोगी माणूस बघतच नाही. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी आता ४५ पासून, शिंग्रिक्सचे (नागिणीच्या लसीचे) दोन डोस पन्नाशीनंतर, हे मला व्हेंटिलेटरच्या सेटिंगपेक्षा जड गेलं. म्हाताऱ्यांची औषधं सोडू नकोस, त्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची बीअर्स यादी नीट वाच. झोपेसाठी बेनाड्रिल (अ‍ॅलर्जीची गोळी, तीही त्या यादीत आहे) घेणारे आजोबा हमखास भेटतात.

अरविंदकाका, बुधवार दुपारी ३.०५

मी रोज रात्री एक बेनाड्रिल घेतो. दहा वर्षं झाली. छान झोप लागते. यादी कोणाची आहे ही?

हेमाताई, बुधवार दुपारी ३.११

अरविंदराव, आणि गेल्या संकष्टीला गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली ती कोणाची?

नीलिमा, बुधवार दुपारी ३.३०

काका, संध्याकाळी फोन करते. यादीवर नको.

सचिव, बुधवार दुपारी ४.००

यादीवर नको, हेच मी सकाळी म्हणत होतो.

दीपक, बुधवार दुपारी ४.०६

शनिवारी सकाळी हॉल रिकामा असेल तर वृषालीला अभ्यासाला द्यायला काय हरकत आहे? घरी दोन मुलं आहेत तिच्या.

सचिव, बुधवार दुपारी ४.२०

शनिवारी ९ ते १२ लेझीम. महिन्याभरापूर्वीच ठरलंय. ढोलाशेजारी अभ्यास होणार असेल तर माझी हरकत नाही.

हेमाताई, बुधवार दुपारी ४.४१

माझ्या तळघरात ये. डबा आणू नकोस. आणि मी मंडळाच्या कपाटात पॅथोफिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजीची जाडजूड पुस्तकं ठेवली होती, पुढे येणाऱ्या मुलींसाठी. गेल्या दिवाळीला बघितलं तर तिथे फक्त आकाशकंदील. कोणी नेली?

वृषाली, बुधवार संध्याकाळी ६.५३

झालं! ५२ मिनिटं होल्ड, मग बाई चांगली निघाली. अर्जावरचं नाव ड्रायव्हिंग लायसन्सप्रमाणे करणार, लग्नाचा दाखला ईमेलने मागितलाय. दोन दिवसांत परीक्षेचं नवीन पत्र येईल म्हणाली. माझं मधलं नाव तिने तीनदा विचारलं. ‘दॅट इज युवर हजबंड्स नेम?’ म्हटलं हो, आमच्यात मध्ये नवराच असतो.
हेमाताई, शनिवारी साडेआठला येते. ती पुस्तकं माझ्याकडेच आहेत, सहा महिने झाले. सांगायचं राहून गेलं, सॉरी.

हेमाताई, बुधवार संध्याकाळी ६.५८

घेऊन ये. आकाशकंदील कोणाचे आहेत तेही कोणीतरी सांगा.