कचरावेचक महिलांना माथाडी कामगारांसारखे संरक्षण द्यावे का?

पंचगंगाकाठ :
आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला येणाऱ्या मावशी घंटागाडीच्या आधी पोहोचतात, कारण गाडी येऊन गेली की त्यांच्या वाट्याला काही उरत नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या मालाचे वजन होताना मी भंगाराच्या दुकानात उभी होते. रात्री पाऊस झाल्याने पुठ्ठा ओला होता. दुकानदाराने काट्यावरचा आकडा वाचला आणि ओलीचे म्हणून अंदाजाने वजन कापले. अंदाज त्याचाच होता. मावशींनी पैसे मोजले नाहीत, कारण त्यातून जुनी उचलही वळती झाली होती.

कच्च्या तेलाचे भाव उतरले की नवे प्लॅस्टिक स्वस्त होते, कारखानदार भंगार प्लॅस्टिकच्या दाण्याला कमी भाव देतो, आणि ती घसरण एकेक पायरी उतरत शेवटी मावशींच्या पोत्यावर येऊन थांबते. त्या दिवशी कोल्हापूरचा कचरा काही कमी झालेला नसतो, त्यांची पायपीटही नाही. त्यांना मालाचे पैसे मिळतात, शहर स्वच्छ ठेवण्याच्या कामाचे मिळत नाहीत. नफ्यावर चालणाऱ्या या व्यवस्थेला ते काम फुकट मिळते आहे, हा माझा मूळ आक्षेप आहे.

गुळाच्या सौद्यात रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उचलणाऱ्या हमालालाही एकच एक मालक नसतो. तरीही 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळात नोंदणी, व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या प्रमाणात वेगळी भरायची रक्कम, आणि तिच्यातून भविष्य निर्वाह निधी अशी सोय उभी राहिली. तीच रीत येथे का लागू करू नये?

साचेवाला :
माझी शिरोलीत लहान फौंड्री आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या भट्टीत भंगार लोखंड वितळते, आणि त्या मालाला भाव आहे म्हणूनच तो कोणीतरी उचलतो. बाजार नसता तर तोच पत्रा ओढ्यात गंजत पडला असता. ज्या भंगारवाल्याला आपण दोषी ठरवता, तोच दवाखान्याच्या खर्चाला रात्री अकरा वाजता उचल देतो. कोणतीही बँक या बायकांना दारात उभे करत नाही. त्याचा स्वतःचा नफाही किलोमागे फार नसतो.

निवड करणाऱ्या हातांची किंमत मला कळत नाही असे नाही. एखादा बंद डबा किंवा पाणी अडकलेला नळ नजरेतून सुटून भट्टीत गेला, तर वितळलेला रस उसळतो आणि माणसे भाजतात. तरीही लेव्ही बसवली की उरलासुरला व्यवहार बिनपावतीचा होईल, आणि वेचणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच वहीत राहणार नाही, अशी मला भीती वाटते.

शाहूपुरीकर :
दोघेही जातीविषयी गप्प आहात. हे काम कोणाच्या वाट्याला यायचे, हे भांडवल येण्याच्या कितीतरी आधी ठरलेले होते. ज्या करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात 1902 साली सरकारी नोकरीतल्या निम्म्या रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला, तेथे आजही कचऱ्यात हात घालणारी बाई कोणत्या वस्तीतून येते, हे विचारावे लागत नाही. नुसता भाव वाढवून हे बदलणार नाही. त्यांच्या मुली शाळेत टिकल्या पाहिजेत.

पंचगंगाकाठ :
जातीचा मुद्दा मी मांडायला हवा होता. तो मान्य आहे. मात्र तीच जातीची उतरंड आजच्या बाजाराला स्वस्त हात पुरवते, म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच हाताळावे लागतील.

साचेवाला यांच्या भीतीला पुण्याचा अनुभव उत्तर देतो. तेथे 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि 2008 मध्ये याच महिलांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरटी शुल्क ही कामाची मजुरी झाली आणि भंगाराची विक्री वेगळी राहिली. भाव पडला तरी चूल पेटती राहते. 2016 च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली होती. प्लॅस्टिक वेष्टनांबाबत 2022 पासून उत्पादकांना प्रमाणपत्रे घ्यावी लागतात, पण ती नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगाच्या नावे निघतात. दुधाची पिशवी गटारातून काढून धुणाऱ्या बाईचा त्या प्रमाणपत्रावर कोठेही उल्लेख नसतो.

साचेवाला :
पुण्याचा करार मला माथाडी मंडळापेक्षा अधिक पटतो, कारण त्यात काम आणि मोबदला समोरासमोर आहेत. लेव्ही घ्यायचीच असेल तर ती गल्लीतल्या दुकानावर न बसवता आमच्या फाटकावरच्या वजनकाट्यावर घ्या. तेथे पावती होते आणि ती भरण्याची माझी तयारी आहे. घरटी वेगळ्या शुल्काला मात्र माझा विरोध कायम आहे. मी घरफाळा भरतो, आणि कचरा उचलणाऱ्या बाईची मजुरी त्याच पैशातून पालिकेने द्यावी.