चिकन मीटबॉल सूप, गोळे फुटतात

वाशीकर: आईला हलकं काहीतरी हवंय म्हणून चायनीज पद्धतीचं सूप करतेय, पाव किलो चिकन खिमा, आलं, कांद्याची पात, थोडा सोया सॉस, पण गोळे फुटतात आणि सगळं गढूळ होतं, काय चुकतंय?

ठाणेकर: अगं पाणी खळखळ उकळतंय का? गॅस मंदच ठेव. आणि खिम्यात १ चमचा कॉर्नफ्लोअर घालून एकाच दिशेने फेट, चांगला चिकट होईपर्यंत, खरं काम तेच आहे, मग अर्धा तास फ्रीजमध्ये.

नेरूळची सुगरण: सूपमध्ये पाकचोय (चायनीज पालेभाजी) घातलीस तर देठ आधी, पानं शेवटी. नसेल तर पालक, पण मिनिटभरच हं. मीठ चाखून घाल, सोयात असतंच.

वाशीकर: मी नुसतं कालवत होते! आज रात्रीच करते.